एका ध्वनीची दोन घड्याळे

संगणकाला जोडलेल्या कीबोर्डवर एखादे गीत ध्वनिमुद्रित करीत असता मधूनच 'टक्' असा बारीकसा आवाज उमटतो. वाद्य नवे असते, तार नवी असते, संगणकही चांगल्यापैकी असतो. तरीही काही मिनिटांनी तो आवाज पुन्हा होतो. मुद्रण पुन्हा ऐकावे तर तो टक् आपल्या जागी कायमचा बसलेला आढळतो. अशा वेळी पुष्कळजण प्रथम तार बदलतात, मग साउंड कार्ड बदलतात, आणि अखेरीस वाद्यच सदोष आहे असे ठरवून ते विकावयास काढतात. वस्तुतः या तिहींपैकी एकातही दोष नसण्याचा संभव मोठा असतो. दोष असतो तो त्यांच्या परस्परसंबंधात. हा संबंध कोणता, तो का बिघडतो आणि कसा सुधारता येतो, हे येथे पाहावयाचे आहे.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. संगणकावर अक्षरे उमटविण्याच्या फळीलाही कीबोर्डच म्हणतात. परंतु येथे तो शब्द पेटीसारख्या काळ्यापांढऱ्या पट्ट्या असलेल्या विद्युत्‌वाद्यासाठी वापरला आहे. मराठी घरांत हे वाद्य कोणत्याही कंपनीचे असले तरी त्याला सर्रास 'कॅसिओ' म्हणण्याचा प्रघात पडून गेला आहे. साउंड कार्ड म्हणजे संगणकात ध्वनी घेणारा आणि त्यातून ध्वनी बाहेर देणारा भाग. तो पूर्वी संगणकाच्या पोटात बसविलेला असे. आता पुष्कळदा लहानशा डबीच्या रूपाने बाहेरच असतो.

वाद्य थेट संगणकाला जोडण्याची गरज का भासते, हे बंगळूरच्या पूर्वेकडील मारतहळ्ळीसारख्या वस्तीत राहणाऱ्यास वेगळे सांगावयास नको. बाह्य वर्तुळाकार मार्ग आणि जुना विमानतळ रस्ता यांच्या संधीवर ही वस्ती आहे. जुना विमानतळ २००८ मध्ये नियमित प्रवासी वाहतुकीला बंद झाला. परंतु तेथून विमाने उडावयाची थांबलेली नाहीत, आणि खालच्या रस्त्यावरील वाहनांचा घोष तर मध्यरात्रीपर्यंत चालू असतो. नोकरीनिमित्त येथे आलेल्या मराठी कुटुंबातील कोणी गणेशोत्सवासाठी एखादे गीत बसवून ते घरीच मुद्रित करू म्हणेल, तर मायक्रोफोन उघडताच सुरांच्या आधी रस्ता आत येतो. शिवाय शेजारच्या सदनिकेतील मंडळींची झोप असतेच. तेव्हा ध्वनी हवेत न सोडता तारेतूनच संगणकात नेणे हा शहाणपणाचा मार्ग होय. मात्र या मार्गावर रस्त्याचा घोष टळला तरी वर सांगितलेला टक् गाठ घालतो.

हा टक् समजून घ्यावयाचा तर तारेतून नेमके काय जाते ते पाहिले पाहिजे. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. मायक्रोफोनमध्ये किंवा वाद्याच्या मंडलात त्याचे रूपांतर विद्युत्‌दाबाच्या चढउतारात होते. अंकीय पद्धतीत हा चढउतार अखंड ठेवीत नाहीत. ठराविक, अत्यंत अल्प कालावधीने त्याचे माप घेतात आणि ते माप अंकाने लिहून ठेवतात. अशा प्रत्येक मापास नमुना म्हणू. नमुने किती वेगाने घ्यावेत याचे उत्तर गणिताने दिलेले आहे. अमेरिकेतील नाइक्विस्ट यांनी १९२८ मध्ये, रशियातील कोटेलनिकोव्ह यांनी १९३३ मध्ये आणि पुन्हा अमेरिकेतील शॅनन यांनी १९४९ मध्ये या प्रश्नासंबंधी जे लेखन प्रसिद्ध केले, त्याचे सार असे की, ज्या कंपनांची नोंद करावयाची त्यांतील सर्वांत जलद कंपनाच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतले म्हणजे मूळ ध्वनी पुरता परत मिळतो. मनुष्याच्या कानाची धाव सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंत आहे. म्हणून सेकंदाला ४०,०००हून थोडे अधिक नमुने हवेत. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या ध्वनितबकडीसाठी, म्हणजे सीडीसाठी, ४४,१०० हा आकडा ठरला; चित्रपट, दूरचित्रवाणी आणि व्यावसायिक ध्वनिमुद्रण यांत ४८,००० हा आकडा रूढ झाला. (४४,१०० हा चमत्कारिक आकडा आला कोठून? आरंभीच्या काळात हे अंक चित्रफितीवर नोंदवीत असत. एका सेकंदात ६० क्षेत्रे, प्रत्येक क्षेत्रात उपयोगी पडणाऱ्या २४५ रेषा आणि प्रत्येक रेषेत ३ नमुने, यांचा गुणाकार करून पाहावा.)

आता मुख्य मुद्दा. सेकंदाला ४८,००० नमुने घ्यावयाचे, तर तो सेकंद मोजतो कोण? प्रत्येक अंकीय यंत्रात त्यासाठी गारगोटीच्या जातीच्या स्फटिकाची एक चिमुकली चकती बसविलेली असते. अशा स्फटिकावर दाब दिला असता त्यावर विद्युत्‌भार प्रकट होतो, ही गोष्ट जाक आणि पिएर या क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिली. उलटपक्षी, स्फटिकाला विद्युत्‌दाब दिला असता तो किंचित आकसतो किंवा प्रसरण पावतो. योग्य विद्युत्‌मंडलात बसविला म्हणजे तो आपल्या आकारमानाप्रमाणे ठराविक वेगाने कंप पावत राहतो. या कंपनांवर चालणारे पहिले घड्याळ १९२७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाले. आपल्या मनगटावरील घड्याळात हाच स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कापत असतो. कीबोर्डमध्ये असा एक स्फटिक असतो, आणि साउंड कार्डमध्येही असा एक असतो.

दोन्ही स्फटिकांवर एकच आकडा लिहिलेला असला तरी दोघांचा वेग तंतोतंत एक नसतो. चकती कापताना झालेला सूक्ष्म फरक, खोलीतील उष्णता, स्फटिकाचे वय, या साऱ्यांचा परिणाम होतो. दहा लाखांत वीस इतका फरक अगदी सामान्य समजला जातो. मनगटी घड्याळात एवढ्या फरकाने दिवसाला पावणेदोन सेकंदांची चूक पडेल, आणि तिच्यासाठी कोणी घड्याळ दुरुस्तीला नेणार नाही. परंतु सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या व्यवहारात दहा लाखांत वीस म्हणजे जवळजवळ एक नमुना होतो. कीबोर्डचे घड्याळ एवढे पुढे धावत असेल तर तो दर सेकंदाला कार्डाच्या अपेक्षेपेक्षा एक नमुना अधिक पाठवील. तो अधिकचा नमुना ठेवावयाचा कोठे?

पेटी वाजविणाऱ्या वाचकांना हा प्रकार दुसऱ्या रूपाने परिचित आहे. पेटीत एकाच स्वरासाठी दोन पितळी पट्ट्या, ज्यांना रीड म्हणतात त्या, असल्या आणि त्यांपैकी एक ४४० आणि दुसरी ४४१ कंपने करीत असली, तर स्वर दर सेकंदास एकदा डोलतो. पेटीवाला ही लहर कधी मुद्दाम ठेवतो, कारण ती कानाला गोड लागते. दोन घड्याळांच्या वेगातील तफावतही अशाच डोलाने प्रकट होते. फरक इतकाच की या डोलात गोडी नसते. त्याच्या प्रत्येक आवर्तनाला एक नमुना जागा चुकतो.

तो लगेच ऐकू येत नाही, याचे कारण असे. कार्डात येणाऱ्या नमुन्यांसाठी एक तात्पुरती साठवण असते. तिला बफर म्हणतात. आपण तिला हौद म्हणू. एका नळाने कीबोर्ड हौद भरीत असतो, दुसऱ्या नळाने कार्ड तो उपसत असते. दोन्ही नळांची धार सारखी असेल तर पाण्याची पातळी ढळत नाही. परंतु भरण्याची धार थेंबभर जास्त असेल तर पातळी हळूहळू वर येते, आणि कधीतरी हौद भरून वाहतोच. त्या क्षणी कार्ड काही नमुने फेकून देते. उलट, उपसण्याची धार जास्त असेल तर हौद कोरडा पडतो, आणि कार्डाला जुने नमुने पुन्हा द्यावे लागतात किंवा शून्ये भरावी लागतात. दोन्ही प्रसंगी ध्वनीची सलग रेषा तुटते, आणि तुटलेल्या रेषेचे टोक आपल्या कानाला टक् म्हणून जाणवते. समजा, प्रत्येक वेळी २५६ नमुने गळतात आणि वेगातील फरक वर सांगितल्याइतका आहे. तर दोन टकांमध्ये सुमारे साडेचार मिनिटांचे अंतर पडेल. गीत पाच मिनिटांचे असेल तर त्यात एक टक् हटकून येणार.

यावरून रोग ओळखण्याची एक साधी रीत हाती लागते. हातात सेकंदकाटा असलेले घड्याळ घेऊन बसावे आणि दोन टकांमधील काळ मोजावा. टक् जवळजवळ नियमित अंतराने येत असेल तर दोन घड्याळांचे भांडण आहे असे समजावे. तो केव्हाही, कसाही, आणि विशेषतः संगणकावर दुसरे एखादे काम चालू केले असता येत असेल, तर घड्याळांना दोष न देता संगणकाकडे वळावे. कारण त्या वेळी हौद वेळेवर उपसण्यास त्याला सवड मिळत नसते. तार हलविल्याबरोबर आवाज तुटत असेल, तर मात्र तारेचाच संशय घ्यावा. तीन रोगांची औषधे वेगवेगळी आहेत, आणि एकाचे औषध दुसऱ्यास दिल्याने काहीही साधत नाही.

घड्याळांच्या भांडणावर उपाय एकच. दोघांपैकी एकाने आपले घड्याळ बाजूला ठेवावे आणि दुसऱ्याच्या घड्याळाने चालावे. वारकऱ्यांच्या दिंडीत शेकडो टाळकरी असतात, पण प्रत्येकाने आपापल्या मनातील लयीने टाळ वाजविला तर पावली पडेल काय? सारे मृदंगाकडे कान ठेवतात.

आता साउंड कार्डाला कीबोर्डची लय कळावी कशी? यासाठी निराळी तार लागत नाही, आणि या पद्धतीची खरी चतुराई येथेच आहे. घरगुती उपकरणांत अंकीय ध्वनी नेण्याची जी रीत आहे तिला एस्‌पीडीआयएफ असे लांबलचक नाव आहे. तीत प्रत्येक द्विमान अंकाच्या आरंभी विद्युत्‌दाब उलटतो. अंक एक असेल तर तो मध्यावर आणखी एकदा उलटतो. शून्य असेल तर मध्यावर उलटत नाही. म्हणजे अंक कोणताही असो, प्रत्येकाच्या आरंभी एक ठोका ठरलेलाच. एका वेळच्या डाव्याउजव्या नमुन्यांच्या जोडीस असे ६४ अंक लागतात. तेव्हा ४८,००० नमुन्यांच्या वेगाने तारेतून सेकंदाला तीस लाखांवर अंक जातात, आणि त्यांच्याबरोबर तितकेच ठोके जातात. घेणाऱ्या कार्डात एक मंडल असते. ते आपली कंपने या ठोक्यांशी सतत ताडून पाहते, मागे पडल्यास किंचित वेग वाढविते, पुढे गेल्यास आवरते. साथीदाराने मुख्य गायकाच्या लयीला धरून राहावे, तसेच हे आहे.

परंतु कार्डाला तसे सांगावे लागते. संगणकाच्या पडद्यावर साउंड कार्डाच्या मांडणीत 'क्लॉक' या नावाखाली दोन पर्याय दिसतात : 'इंटर्नल', म्हणजे स्वतःचे घड्याळ, आणि 'एक्स्टर्नल' किंवा 'एस्‌पीडीआयएफ', म्हणजे तारेतून येणारे घड्याळ. कारखान्यातून कार्ड बाहेर पडते ते बहुधा पहिल्या पर्यायावर. कीबोर्डला अंकीय ध्वनी बाहेर देण्याची जागा असते, पण आत घेण्याची जागा क्वचितच असते; म्हणून तो दुसऱ्याचे ऐकू शकत नाही. तेव्हा कीबोर्डने लय द्यावी आणि कार्डाने ती घ्यावी, ही एकच मांडणी येथे शक्य आहे. दुसरा पर्याय निवडावा, आणि कार्डावर जुळणीचा दिवा असेल तर तो स्थिर झाला की नाही हे पाहावे. तो लुकलुकत असेल तर कार्डाला लय सापडलेली नाही.

ही मांडणी केल्यावर एक नवीच तक्रार उद्भवते, आणि तिचे कारण माहीत नसल्यास मनुष्य पुन्हा पहिल्या पदावर येतो. कीबोर्ड बंद केला की संगणकाची वाचाच बसते. निदान चित्रपट किंवा गाणे भलत्याच गतीने चालते. यात बिघाड काही नाही. कार्डाने आपले घड्याळ बाजूला ठेवले आहे आणि ज्याच्यावर विसंबून ते चालत होते तो आता गप्प आहे, इतकेच. काम संपल्यावर पर्याय पुन्हा 'इंटर्नल'वर नेण्याची सवय ठेवली म्हणजे झाले.

घड्याळे चांगली असून भागत नाही, ती एकमेकांशी बांधलेली असावी लागतात, हे तत्त्व वाद्यापुरतेच आहे असे नाही. मारतहळ्ळीहून जुन्या विमानतळ रस्त्याने पश्चिमेस निघाले की थोड्याच अंतरावर विमानपुरा येथे यू. आर. राव उपग्रह केंद्र लागते. भारताच्या 'नाविक' या स्थाननिश्चितीच्या योजनेतील उपग्रहांवर रुबिडियम धातूच्या अणूंवर चालणारी घड्याळे असतात. उपग्रहाकडून संदेश येण्यास लागलेल्या काळावरून अंतर काढावयाचे असल्याने, सेकंदाच्या अब्जांश भागाची चूक म्हणजे अंतरात ३० सेंटिमीटरांची चूक. म्हणून या घड्याळांतील तफावत जमिनीवरून सतत मोजावी लागते आणि ती हिशेबात धरावी लागते. २०१३ मध्ये सोडलेल्या पहिल्या उपग्रहावरील तिन्ही घड्याळे पुढे बंद पडली. तेव्हा उपग्रह आकाशात शाबूत असूनही स्थान सांगण्याच्या कामी निरुपयोगी झाला. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एन्‌व्हीएस-०१ या उपग्रहावर भारतात तयार झालेले रुबिडियम घड्याळ प्रथमच बसविण्यात आले. आपल्या गीताला इतक्या सूक्ष्मतेची जरुरी नाही, हे उघड आहे.

लय जुळूनही सूर बिघडलेला असेल, तर दोन्ही यंत्रांवर नमुन्यांचा वेग एकच नेमलेला आहे काय ते पाहावे. कीबोर्ड ४४,१०० नमुने पाठवीत आहे आणि मुद्रणाच्या नोंदीत मात्र ४८,००० असे लिहिले गेले आहे, अशी स्थिती असेल तर ते मुद्रण ऐकताना जवळजवळ दीड अर्धस्वर चढे ऐकू येईल. काळी एक या पट्टीत गाइलेले गीत पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या बरोबर मध्ये कोठेतरी जाऊन बसेल, जेथे पेटीवर पट्टीच नाही. आणि पाच मिनिटांचे गीत सुमारे चोवीस सेकंद आधीच संपेल. गाणाऱ्याचा कंठ बारीक झालेला पाहून घरात हशा पिकतो, पण या चुकीत दिलासा असा की एकही नमुना हरवलेला नसतो. नोंदीतील आकडा दुरुस्त केला की मूळ गीत जसेच्या तसे परत मिळते. टक् मध्ये गेलेले नमुने मात्र परत येत नाहीत. आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाज करून भोक बुजविणारी साधने आहेत. तरी तो अंदाजच.

अलीकडील पुष्कळ कीबोर्डांना अशी अंकीय जागा नसून यूएस्‌बीची तार असते. येथे प्रथम हे ठरविले पाहिजे की त्या तारेतून ध्वनी जातो की केवळ आज्ञा जातात. आज्ञांची भाषा मिडी या नावाने ओळखली जाते. निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू शकावीत म्हणून अमेरिकेतील डेव्ह स्मिथ आणि जपानमधील इकुतारो काकेहाशी यांच्या खटपटीने ती १९८३ मध्ये प्रचारात आली. मिडीतून स्वर जात नाही. अमुक पट्टी इतक्या जोराने दाबली, आता सोडली, एवढेच कळविले जाते आणि स्वर संगणक स्वतः निर्माण करतो. अर्थात येथे ध्वनीचे घड्याळ एकच, म्हणून भांडणही नाही. येथील तक्रार वेगळी असते : पट्टी दाबल्यानंतर स्वर उशिरा येतो. मिडीच्या मूळ तारेतून सेकंदाला ३१,२५० द्विमान अंक जातात आणि एका स्वराची आज्ञा पोहोचण्यास सेकंदाचा सुमारे सहस्रांश लागतो. तेव्हा उशिराचा मोठा वाटा तारेचा नसतो, तर हौदाचा असतो. हौद १,०२४ नमुन्यांचा असेल तर तो भरण्यास एकवीस सहस्रांश सेकंद लागतात, म्हणजे वाद्य सात मीटर दूर ठेवून ऐकल्यासारखे होते. २५६ नमुन्यांचा केला तर हे अंतर दोन मीटरांच्या आत येते. फारच लहान केला तर संगणकाची धांदल उडते आणि मघाशी सांगितलेले अनियमित टक् सुरू होतात. वाजविताना लहान हौद, आणि सर्व स्वर एकत्र मिसळताना मोठा, ही तडजोड व्यवहारात बरी पडते.

यूएस्‌बीच्या तारेतून ध्वनीच येत असेल तर कीबोर्ड हेच संगणकाच्या दृष्टीने दुसरे साउंड कार्ड ठरते, आणि दोन घड्याळांचा प्रश्न नव्या वेषात पुन्हा उभा राहतो. काही संगणकांत दोन ध्वनियंत्रे एकत्र जोडण्याची सोय असते. तेथे एकाला मुख्य नेमून दुसऱ्याच्या नावापुढे तफावत दुरुस्त करण्याची खूण करावी. मग संगणक दुसऱ्याचे नमुने गणिताने किंचित ताणून किंवा आकसून पहिल्याच्या मापात बसवितो. ती सोय नसेल तर मुद्रण आणि श्रवण दोन्ही कीबोर्डच्याच द्वारे करणे सोपे.

तारेविषयी थोडेसे. एस्‌पीडीआयएफसाठी ७५ ओहमची समाक्ष तार लागते. दिसावयास तिच्यासारखीच असणारी साधी ध्वनीची तार आखूड अंतरावर बहुधा चालून जाते. लांब अंतरावर ठोक्यांच्या कडा बोथट होतात आणि कार्ड लय गमावते. प्रकाशतंतूची तार वापरल्यास ती कोनात मोडून वाकवू नये.

शाळेत कीबोर्ड आणि संगणक दोन्ही असतील तर या सर्वाचा पडताळा एका तासिकेत घेता येईल. कीबोर्डवर बासरीसारखा, कंप नसलेला आणि दाबून ठेवल्यास न विरणारा स्वर निवडावा. कार्ड मुद्दाम 'इंटर्नल'वर ठेवावे, पट्टीवर एखादे वजन ठेवावे आणि पंधरा मिनिटे मुद्रण चालू द्यावे. मुलांनी भिंतीवरील घड्याळ पाहून प्रत्येक टकाची वेळ फळ्यावर लिहावी. मग मुद्रणाचे चित्र पडद्यावर मोठे करून पाहिले असता लाटांची रेषा जेथे तुटली आहे ती जागा डोळ्यांनी दिसते, आणि लाटांचा क्रम किती सरकला यावरून किती नमुने गळाले याचाही अंदाज करता येतो. काही कार्डे एका वेळी एकच नमुना गाळतात. तेथे टक् अधिक वेळा पण फार मंद येईल, आणि कान लावून बसावे लागेल. गळालेल्या नमुन्यांना दोन टकांमधील सेकंदांनी भागावे, आणि आलेल्या संख्येस सेकंदातील एकूण नमुन्यांनी पुन्हा भागावे, की दोन स्फटिकांच्या वेगातील फरक हाती येतो. २५६ नमुने आणि २६७ सेकंद असतील तर तो दहा लाखांत वीस निघेल. नंतर कार्ड 'एक्स्टर्नल'वर नेऊन तोच स्वर पुन्हा पंधरा मिनिटे मुद्रित करावा, आणि फळ्याची दुसरी बाजू वेळा लिहिण्यासाठी मोकळी ठेवावी.